सरांचा आवाज आणि माझा स्टॉल

मला सरांच्या आवाजाचा हेवा वाटतो. 'वाटायचा' असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. आजही वाटतो.

सर म्हणजे आमच्या गावातल्या शाळेचे संगीत शिक्षक. त्यांना जन्मापासून दिसत नाही. गावात कुणाचा निरोप समारंभ असो, गणपतीतला कार्यक्रम असो की एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, माइक सरांच्याच हातात असतो. ते 'नमस्कार' म्हणाले की मागे खुर्च्या ओढणारी पोरंसुद्धा गप्प बसतात. आवाज भरदार, जरा खालच्या पट्टीतला, कसलीही घाई नसलेला. बायका म्हणतात, देवानं डोळे नेले पण गळा काय दिला! असं म्हणून झालं की त्यांची नजर माझ्याकडे वळते आणि त्या विषय बदलतात. देवानं माझं काय नेलं ते सगळ्यांना दिसतं. बदल्यात काय दिलं ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

मी जन्मले तेव्हा रडले नाही म्हणे. मेंदूला प्राणवायू कमी पडला. तेव्हापासून माझे हात माझं ऐकतात, पण सरकारी कर्मचाऱ्यासारखे, सावकाश आणि मनाला येईल तसे. जिभेचंही तेच. डोक्यात वाक्य पूर्ण तयार असतं, सगळे शब्द जागच्या जागी, पण तोंडातून येताना जाड होऊन येतं. आईला सगळं समजतं. भावालाही समजतं, पण त्याला ऐकायला वेळ नसतो. बाकीचं गाव अंदाज बांधतं. किराणा दुकानात मी तोंड उघडून 'सा' म्हटलं की दुकानदार साखर, साबण, साबुदाणा असं एकेक समोर मांडत जातो. मला सातूचं पीठ हवं असतं. शेवटी मी कंटाळून साबण घेऊन येते. आमच्या घरात साबणाची कधी टंचाई नसते.

म्हणून मला लिहायला आवडतं. बाहेरून परीक्षा देऊन मी बी.ए. केलं, मराठी घेऊन. संगणकावर उजव्या हाताच्या एका बोटानं लिहिते. एक ओळ व्हायला वेळ लागतो, पण झाली की ती ओळ सरांच्या वाक्याइतकीच सरळ दिसते. लिहिताना मध्ये कुणी तोंड घालत नाही. बोलणाऱ्यांना ही केवढी चैन आहे ते कळत नाही.

डोळे देऊन तो गळा मिळाला असता तर मी घेतला असता का? घेतला असता. ऐकून कुणाला वाईट वाटलं तर वाटो.

दर्यापूर-अकोला पट्ट्यातलं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथे राहायचं आहे. तर आमच्या नगरपरिषदेनं बसस्टँडजवळच्या जागेत दिव्यांगांसाठी पत्र्याचे स्टॉल द्यायचं ठरवलं. अर्ज फक्त ऑनलाइन. मला तो स्टॉल हवा होता. आमचं घर भाजीवाल्यांचं, आई अजूनही बाजारात बसते, त्यामुळे दुकान म्हणजे काय ते मला माहीत होतं. समोरच शाळा आहे. वह्या, पेनं, कंपास, रंगपेट्या ठेवायच्या. पोरं हव्या त्या वस्तूवर बोट ठेवतात, फार बोलावं लागत नाही.

पण स्टॉल माझ्या भावालाही हवा होता. त्याला तिथे पानठेला टाकायचा होता. बसस्टँडवर खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, विकायला बसलं की दिवसभर मान वर करायला फुरसत नसते, असं त्याचं गणित. तो वाईट माणूस नाही. मला डॉक्टरकडे गाडीवर बसवून तोच नेतो. पण अर्जात एक रकाना होता, 'स्टॉल प्रत्यक्ष कोण चालवणार', आणि त्यात जे नाव पडेल त्याच्याच नावानं दुकान चालवायचा परवाना निघणार होता.

"तुले कायले पाहिजे कटकट?" तो म्हणाला. "नाव तुह्यं राहील, बसीन मी. आन इकडे, मी भरून टाकतो अर्ज."

आमच्या गावात असे पुष्कळ स्टॉल आहेत. पाटीवर एकाचं नाव आणि गल्ल्यावर दुसराच. मला पाटी व्हायचं नव्हतं. म्हणून अर्ज मीच भरणार असं मी सांगितलं आणि संगणकासमोर बसले.

नगरपरिषदेच्या साइटचं वागणं आमच्या भावासारखंच होतं. तिला थांबायला वेळ नव्हता. मी नाव, पत्ता, प्रमाणपत्राचा क्रमांक असं एकेक भरत अर्ध्यावर यायचे, तोवर पडद्यावर यायचं, 'आपले सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.' लिहिलेलं सगळं साफ. दुसरीकडे लिहून ठेवून तिथे चिकटवावं म्हटलं तर तेही चालत नव्हतं. सुरक्षेसाठी म्हणे. माझ्यापासून नगरपरिषदेला काय धोका होता देव जाणे.

त्याच सुमाराला वरून आदेश आला की साइट दिव्यांगांना वापरता येईल अशी करा. मुख्याधिकारी साहेबांनी गावातल्या दिव्यांगांची बैठक बोलावली. साहेब पुण्याकडचे, बोलणं गोड. साइट बनवणारा ठेकेदार अकोल्याहून आला होता. मला वाटलं, आता आपलं काम होणार.

सर साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांना कुणी बसवलं नव्हतं, ती खुर्ची आपोआप त्यांची होते. साहेबांनी पहिल्यांदा त्यांनाच विचारलं. सर म्हणाले की मोबाइलमधली बाई त्यांना पडद्यावरचं सगळं वाचून दाखवते, पण नगरपरिषदेची सूचना आली की ती फक्त 'चित्र' म्हणते आणि गप्प होते. कारण इथे सूचना आधी कागदावर छापतात, मग त्यावर सही-शिक्का मारतात आणि मग त्या कागदाचा फोटो साइटवर टाकतात. सर एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की साहेबांनी मान डोलावली, ठेकेदारानं लिहून घेतलं आणि मागे कुणीतरी टाळी वाजवली. तक्रारीला टाळी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मग माझी पाळी आली. मी तयारी करून गेले होते. तीनच वाक्यं होती. पान फार लवकर बंद होतं. माझे हात सावकाश चालतात. वेळ वाढवून द्या. मी पहिलं वाक्य सुरू केलं. 'पान' निघालं, 'फार'ही निघालं. साहेब चेहऱ्यावर हसू ठेवून पुढे झुकले होते आणि त्या हसण्याखाली त्यांचं घड्याळाकडे लक्ष होतं. तेवढ्यात सरांचा तो मुलायम आवाज आला.

"ताईंले म्हनाचं हाय का पानावरची अक्षरं फार बारीक हायत. मोठी पाहिजेत."

"अच्छा!" साहेब म्हणाले. सगळ्या खोलीला हायसं वाटलं. ठेकेदारानं लिहिलं, अक्षरं मोठी.

मी मान हलवली, नाही म्हणाले, पण माझी मान तशीही हलतेच. चहा आला. बैठक संपली. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि ते रडणं स्टॉलसाठी नव्हतं. त्या माणसानं माझं वाक्य चोरलं होतं, आणि त्याच्या तोंडात ते चुकीचं असूनही माझ्या खऱ्या वाक्यापेक्षा जास्त खरं वाटलं होतं. असा गळा एखाद्याला असावा आणि वर त्यानं दुसऱ्यांच्या वतीनंही बोलावं, हे मला सहन होईना.

काही आठवड्यांनी नव्या साइटचं लोकार्पण झालं. संगणकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाहुण्यांनी माउस दाबला. आणि स्पीकरमधून सर बोलू लागले. "नमस्कार. आपल्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर आपलं मनःपूर्वक स्वागत आहे." मागे बासरी. पुढे गावाचा इतिहास, कापसाची बाजारपेठ, साहेबांचं मार्गदर्शन, सगळं आलं. ही ठेकेदाराची कल्पना होती. साइट दिव्यांगांसाठी आहे, दिव्यांगांना ऐकायला लागतं, आणि गावात एवढा गोड गळा आहे, मग काय! जे पान उघडाल त्या पानावर सर आपोआप सुरू होत. बंद करायचं बटण कुठे दिसत नव्हतं. गाव खूश झालं. अमरावतीच्या एका पेपरात फोटोसकट बातमी आली.

आमच्या घरी भाऊ येताजाता साइट उघडून तो आवाज लावायचा. आई भाजी निवडता निवडता ऐकायची आणि म्हणायची, "काय गोड बोलते बाप्पा हा मानूस." मी दात-ओठ खायचे.

कारण माझं दुखणं होतं तिथेच होतं. अक्षरं मोठी झाली होती, पान मात्र तसंच मिटत होतं. आता फरक एवढाच की बाहेर काढलं गेल्यावर मी पुन्हा आत शिरले की सर मनःपूर्वक स्वागत करायचे. हाकलायचं, स्वागत करायचं, पुन्हा हाकलायचं. असा पाहुणचार माझ्या शत्रूचाही होऊ नये. अर्जाची मुदत जवळ येत चालली होती आणि भाऊ रोज विचारत होता, "झालं का तुह्यं?"

एका दुपारी दारात काठीचा आवाज आला. सर आले होते, एकटेच. आईनं खुर्ची दिली, चहा टाकायला गेली. त्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि खरं सांगते, ते बघून मला आधी बरं वाटलं.

"ताई, एक काम होतं," ते म्हणाले. "माह्या आवाजापायी मलेच साइट वापरता येऊन नाई रायली."

मला समजेना.

"घरच्या नळाचा अर्ज भराचा हाय. मी पान उघडलं का तिकडून मीच चालू होतो, नमस्कार, आपलं स्वागत. इकडून मोबाइलवाली बाई वाचते. दोघं संगंच बोलतात. मले बाईचं काई समजत नाई. तिले थांबवता येते, मले थांबवता येत नाई."

मी हसायला लागले. माझं हसणं सुरू झालं की लवकर आवरत नाही, आणि फार देखणंही नाही. आई चहा घेऊन आली आणि घाबरून उभी राहिली. सर बसून होते, हसणं संपायची वाट पाहत.

"ठेकेदाराले सांगतलं," ते पुढे म्हणाले. "तो म्हणते, सर, लय गोड आवाज हाय, राहू द्या. साहेबाले सांगाले गेलो, तर ते म्हणे, लोकं फोन करून तारीफ करून रायले. माह्यं बोलनं पुरं होऊच देत नाई कोनी. तुमी लिहता चांगलं. मले एक तक्रार लिहून द्या."

म्हणजे तक्रार करायला गेले आणि तिथेही कौतुक घेऊन आले. मला याचाही हेवा वाटला. पण त्यांच्या एका वाक्यावर मी अडकले होते. माझं बोलणं कुणी पूर्ण होऊ देत नाही, हे सर म्हणत होते. मला म्हणत होते!

मी त्यांना त्या बैठकीतलं माझं वाक्य सांगायला लागले. तीनही वाक्यं. सुरुवातीला ते सवयीनं मध्ये बोलायला गेले, "तुमाले असं म्हनाचं हाय का..." आणि स्वतःच थांबले. पुन्हा एकदा ओठ हलले, पुन्हा मिटले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, घड्याळ दिसत नव्हतं, ते फक्त कान देऊन बसले होते. माझं सांगून झालं तेव्हा त्यांच्या चहावर साय धरली होती.

"अक्षराचा तर विषयच नव्हता," ते म्हणाले. "मंग मी त्या दिवशी अक्षरं काहून म्हटलं?"

"ते... तुमीच सांगा," मी म्हणाले.

ते थंड चहा एका घोटात प्यायले आणि म्हणाले, "तक्रारीत तुमचं पयले लिहा. माह्यं खाली."

मी लिहिलं. अर्थातच माझं वर लिहिलं, त्यात मोठेपणा दाखवण्यासारखं काही नव्हतं. एकच गोष्ट टोचली. माणूस माघारसुद्धा किती सहज घेतो! मला साधं दोन पावलं मागे सरायला भिंत धरावी लागते.

आम्ही दोघं नगरपरिषदेत गेलो. साहेबांनी सरांना पाहताच, "या, या, आमचा आवाज आला!" असं स्वागत केलं आणि तक्रारीचा कागद न वाचताच बाजूला ठेवून विचारलं, "बोला सर, काय म्हणताय?"

सर म्हणाले, "ताई सांगतील." आणि गप्प झाले.

मी बोलू लागले. साहेब माझ्याकडे बघत, मग सरांकडे बघत, आता हे समजावून सांगतील म्हणून. सर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, तोंड मिटून. मी 'वेळ' या शब्दावर अडकले. साहेब म्हणाले, "सर, काय म्हणतायत या?" सर बोलले नाहीत. त्या शांततेत माझा एकटीचा आवाज खोलीभर घरघरत होता, आणि मला इतकी लाज वाटली की पळता येत असतं तर पळाले असते. पण पळणंही सावकाशच झालं असतं. मी बोलत राहिले. तिसरं वाक्य संपलं तेव्हा साहेबांनी कागद उचलला, वाचला, आणि मी बोलले तेच त्यात लिहिलेलं आहे हे पाहून माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. ठेकेदाराला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

ठेकेदार आधी म्हणाला, होत नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. मग म्हणाला, पान मिटायच्या आधी विचारता येईल, हवा असेल त्याला वेळ वाढवून देता येईल. सरांचा आवाज काढायला तो सहज तयार झाला नाही. "अरे सर, साइटची रौनक चालली जाईल ना!" असं तो म्हणत होता. सर म्हणाले, "जाऊ दे." उठताना साहेब हळहळले, "पण सर, आवाज मात्र फार छान होता हो." मी तिथेच उभी होते. माझ्याबद्दल हळहळण्यासारखं काही नव्हतं.

पुढे यथावकाश सोडत निघाली, स्टॉल मिळाला, समोरच्या शाळेतली पोरं आता वह्यांवर बोट ठेवतात. ते सगळं रीतसर झालं. मला सांगायची आहे ती अर्ज भरला त्या दिवसाची गोष्ट.

मुदत संपत आली होती. मी साइट उघडली. बासरी नाही, स्वागत नाही, काही नाही. पान गपचूप उघडलं. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, क्रमांक लिहायला घेतला. बोट दोनदा चुकलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. आणि नेहमी हाकलायची वेळ व्हायची तेव्हा पडद्याच्या मधोमध एक चौकट आली.

'सावकाश होऊ द्या. आपल्याला आणखी वेळ हवा आहे का?'

खाली 'हो' आणि 'नाही'.

मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. शाळेत, परीक्षेत, बँकेत, किराणा दुकानात, घरात, मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आणि हे वाक्य ठेकेदाराचं नाही हे मला लगेच कळलं. सरकारी साइट 'मुदतवाढ' म्हणते, 'सावकाश होऊ द्या' म्हणत नाही. पुढे सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, हो, ठेकेदारानं फोन करून विचारलं होतं काय लिहू, मी सांगितलं. म्हणजे आवाज काढून घेतला तरी बोलले तेच. मी बी.ए. मराठी, लिहिणारी मी, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गरजेचं वाक्य त्यांना सुचलं. हेव्यानं माझी कानशिलं तापली. तशीच मी 'हो' दाबलं.

भाऊ मागे येऊन उभा राहिला होता. "कवापासून बसली तू? सरक, मी दोन मिन्टात टाकतो." मी बोटानं ती चौकट दाखवली, ती पुन्हा आली होती. त्यानं वाचलं. तो बाजूचं स्टूल ओढून बसला.

'स्टॉल प्रत्यक्ष कोण चालवणार' या रकान्यात मी माझं नाव लिहायला लागले. आधी माझं, मग बाबांचं, मग आडनाव. प्रत्येक अक्षर तो बघत होता. माझ्या नावाचं पहिलं अक्षर पडलं तेव्हाच त्याला कळलं असणार, तरी तो आडनावापर्यंत थांबला.

"मंग मी काय करू?" त्यानं हळूच विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं. तो थांबला. "तू," मी म्हणाले, आणि पुढचे शब्द गोळा करेपर्यंत बराच वेळ गेला, "सकाळी... शटर वर करून दे. मले... जमत नाई."

"हो," तो म्हणाला.

मग मी 'सादर करा' दाबलं आणि त्याच्याकडे वळून पाहिलं. तो पडद्यावरच्या माझ्या नावाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण ते माझ्या रोजच्या ओळखीचं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा करत होतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.